छेद दोन

अँटॉप हिलला, पेटंट कचेरीसमोर
आमची एजंटांची खोली. एसी कायमचा दुरुस्तीला.
तिथे नितेश वैती आला, शीव कोळीवाड्यातून चालत,
पिशवीत काहीतरी गुंडाळून.
दोन रूळ, सायकलची स्प्रिंग, स्टीलचा एक दाता.
"करंदी सोलायचं मशीन," म्हणाला.
"आयेची बोटं आता वळत नाहीत."
पिशवीला वास होता.
टेबलावरून तो शुक्रवारपर्यंत गेला नाही.

माझं काम शोधण्याचं.
हे आधी कुणी केलंय का, जगात कुठेही, कधीही.

आधी शब्दांनी शोधलं.
करंदी कुणालाच माहीत नव्हती.
कोळंबी म्हटलं तर तळी आली, जाळी आली,
कोळंबीच्या आकाराचं एक खेळणं आलं.
सोलणं म्हटलं तर बटाटे.
पेटंट लिहिणारे वस्तूचं नाव घेतच नाहीत,
नव्या नवरीसारखे उखाण्यात बोलतात:
'लवचीक कवचाने वेढलेला लांबट पदार्थ',
आणि पुढे तीस पानं. ओळखा कोण.

म्हणून शब्द सोडले, जिना उतरले.
ए. मानवी गरजा.
ए बावीस, खाटकाचं काम.
सी म्हणजे त्यातच पुढे, मासळीसुद्धा.
एकोणतीस, कवचातले जीव.
छेद दोन.
(शेजारी छेद चारला कालवं राहतात.)

इथे कुणी कुठल्या भाषेत काय म्हटलं, कोण विचारतो?
कुठल्याशा देशात, जेवणाच्या सुट्टीआधी,
कुणा परीक्षकाने चित्र पाहिलं
आणि कोपऱ्यात आकडा टाकला.
कोळीण टोपलीत हात घालून
न बघता मांदेली वेगळी काढते, तसा.

तीनशे बारा निघाले.
तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एक जपानी कागद,
चौपन्न वर्षांपूर्वीचा. एक अक्षर कळेना.
चित्र क्रमांक तीन:
दोन रूळ. स्प्रिंग. दाता.

फोनवर सांगवेना. बोलावून घेतलं.
पाण्याचा ग्लास पुढे केला, मग कागद.
त्याने तो उलटा धरला, सुलटा धरला,
मी ऐकवायचं ठरवलेलं सगळं
तोंडातच राहिलं,
कारण त्याचं बोट त्या दात्यावर येऊन थांबलं होतं.
"हा इथून लागला तर डोकं तुटतं.
डोक्यातला रस गेला, मग कालवणाला काय उरलं?
माझा पाठीकडून येतो."
मग जरा वेळाने,
"यानं किती विकली असतील?"
पेटंटमध्ये ते नसतं, म्हटलं.

पाठीकडून. मी लिहून घेतलं.
रूळ गेले. स्प्रिंग गेली.
उरलाच तर दाता उरेल, तोही नाही,
त्याची फक्त दिशा. अडीच ओळींचा एक दावा.
"अडीच तर अडीच," म्हणाला,
आणि मशीन माझ्याकडेच ठेवून गेला.

रात्री मसुदा करायला बसले.
दाव्यात लिहिलं, लिहावंच लागतं,
'लवचीक कवचाने वेढलेला लांबट पदार्थ'.
वकीलसाहेब वाचतील ती पहिली चार पानं.
पान सात, ओळ अकरा,
तिथे मी करंदी लिहिलंय.