इंजिन बंद करतात म्हणे

पंखा बंद. दुपारचे तीन. चव्वेचाळीस.
फरशीवर नकाशा उलगडून बसलोय आम्ही दोघं,
चार कोपऱ्यांवर चार वजनं:
अडकित्ता, चष्म्याचं घर, जुना धोटा,
आणि गार पाण्याचा तांब्या, ज्याच्याखाली
अलास्काचा एक कोपरा ओला झालाय.

हलकुडेंच्या पोरानं नव्या पेठेतल्या ऑफिसात
एसी लावून सगळं समजावलं होतं.
सात रात्रींची बोट आहे, चौदा रात्रींचीही आहे.
सातवाली पुरते बऱ्याच लोकांना, काकू.
सातवालीत एक हिमनदी, लांबून.
चौदावालीत तीन, जवळून,
आणि मधे नुसता किनारा, दिवसच्या दिवस,
धुक्याचा, काळ्या झाडांचा, कुणी न राहणारा.
"कंटाळा येतो काहींना," तो म्हणाला.
मी विचारलं, कंटाळ्याचे पैसे वेगळे का?

पैसे आहेत.
दिवाळीनंतर आठ माग भंगारात गेले, किलोच्या भावानं.
टेम्पोत चढताना एकानंही आवाज केला नाही.
जावई म्हणतात, पुण्यात एखादी खोली बुक करा.
श्रीलता म्हणते, आई, तिथं थंडी असते गं.
थंडी असते.
म्हणूनच की.

मी वहीत लिहिते:
गुडघ्याच्या गोळ्या, चौदा अधिक चार.
लोकरीचे मोजे, दोन जोड प्रत्येकी.
आपल्या दोन चादरी.
बोटीत पांघरूण देतात हो, हलकुडे हसला.
देऊ दे. तीस वर्षं दशांना गाठी मारल्यात मी,
त्यांचं पांघरूण उलटं करून बघणारच आहे.
शेंगाचटणी, घट्ट डब्यात. चालते का विचारणे.
नळ पाचव्या दिवशी येतो, तेव्हा किल्ली कमटमबाईंकडे,
तीन-चार पाळ्या तरी चुकतील.
ही ओळ लिहून थांबते.
तिथं म्हणे आख्खा डोंगरच पाण्याचा, उभा,
आणि घागर घेऊन रांगेत कुणी नाही.

ह्यांनी आतून निळ्या सुताची लडी आणली,
पुस्तिकेतल्या बर्फाशेजारी धरली.
दारात उजेडाला नेली. परत आणली.
"जमत नाही. छपाईत मारलाय रंग."
बर्फावर अजून विश्वास नाही त्यांचा.

मग मी ती ओळ वाचली, मोठ्यानं, उजव्या कानापाशी,
डावा गेला त्याला अकरा वर्षं झाली:
हिमनदीपुढं बोट थांबते, कप्तान इंजिन बंद करतो,
सगळे गप्प उभे राहतात,
कारण बर्फ तुटताना ऐकायचा असतो.

वाचून झाल्यावर कळलं, मी काय वाचलं.

गल्लीत वीज नाही, कुठंच खटखट नाही.
ते नकाशाकडं बघत बसले.
हा माणूस कानानं कधी माग ओळखायचाच नाही.
अनवाणी उभा राहायचा कारखान्याच्या मधोमध
आणि सांगायचा, तिसऱ्याचा पट्टा ढिलाय,
सहाव्याचा धोटा अडखळतोय.
मी मुद्दाम जाऊन बघायची, लग्नानंतर पहिली दोन वर्षं.
नंतर बघायचं सोडलं.

त्यांनी तांब्या सरकवला.
ओल्या कोपऱ्यावर पंजा ठेवला, अख्खा,
जरा वेळ तसाच ठेवला,
आणि विचारलं,
"बोटीची फरशी लाकडाची असते की लोखंडाची?"

वहीत लिहिलं: हलकुडेला विचारणे.
वर जाऊन सातवर काट मारली.
मोजे खोडले नाहीत,
ह्यांच्या नावापुढं एवढंच लिहिलं:
त्या दिवशी नकोत.