घागर तेवढीच

इनास डिमेलो दाभोलीहून सायकलच्या कॅरियरला बांधून
डुकरांच्या कुंपणाचं यंत्र घेऊन आला,
सुतळीचे चार वेढे, वर गोणपाट.
"ठोको मंद झालो," म्हणाला.
"आदी माझ्या नाडीवांगडा चलायचो.
आता वाट बघून बघून मी दमतंय,
मगे एकदा वाजता."

झाकण काढलं. आत वाळलेली पाल,
खाऱ्या वाऱ्याने धरलेला पांढरा थर,
आणि पेराएवढी काळी चिप, आठ पायांवर बसलेली.
आधी रोधक टेकवून कपॅसिटर रिकामा केला.
एकदा विसरले होते मी.
करंगळीचं नख अजून वाकडं येतं.

मग बॅटरी जोडली. म्हटलं, बघ,
ही बारा व्होल्टांची विहीर
आणि ही चिप पाणी काढणारी.
ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात प्रवाह चढू देते,
रेघेला लागला की स्विच तोडते,
आणि भरलेली घागर कपॅसिटरात पालथी होते.
सेकंदात हजारो.
घागर मोठी होत नाही, लहान होत नाही.
खेपा किती, एवढंच तिच्या हातात.

पाचशे व्होल्ट तिला सोसायचे नाहीत.
म्हणून मधे दोन रोधक,
माजघरातलं दुखणं
खळ्यात आल्यागेल्याला सांगावं
तसं बारीक करून सांगणारे.
सव्वा व्होल्टाची कुजबुज कानावर आली की ती थांबते.
कपॅसिटर थोडा गळतो, कोण गळत नाही,
काटा उतरला की पुन्हा दोन घागरी,
पुन्हा गप्प.

इनास ऐकत होता की नव्हता.
दारात मासळीवाली कुणाशी तरी
दोन बांगड्यांवरून भांडत होती.

काथ्याची दोरी मिठाच्या पाण्यात बुडवून
मी आउटपुटवर टाकली,
भाद्रपदातल्या गवतासारखी.
ठोका लांबला.
दुसरी टाकली. आणखी लांबला.
कोरड्या तारेवरून थोडं तरी मागे उरतं,
ओलं गवत तळ खरवडून नेतं,
मग भरणं पहिल्यापासून.
पण प्रत्येक ठोक्याआधी काटा
त्याच पाचशेला जाऊन टेकत होता.
"बिघडलेलं नाही रे हे.
भरल्याशिवाय सोडत नाही, इतकंच."

"मगे घागर मोठी कर."

तेवढं मात्र नाही.
करता येतं, एक रोधक बदलला की झालं,
रेघ वर सरकते, गाभा तुडुंब होऊन
आणखी काही धरेनासा होतो,
आणि स्विच एका संध्याकाळीत जळतो.
असे जळलेले माझ्याकडे डबाभर आहेत,
दुसऱ्यांनी मोठी केलेल्या घागरींचे.
"खालच्या तारेखालचं गवत काप," मी म्हटलं.

तो काही बोलला नाही.
मग म्हणाला, सोमवार, गुरुवार, शनिवार ओरोस.
पहाटेची एसटी. रुजीनीचं रक्त
मशीनीतून धुऊन परत घालतात, चार तास.
मधल्या दिवसांत काजू, अननस, दोन म्हशी,
तिचं पथ्याचं जेवण.
गवताक दिवस खंयचो?

मी पाल काढली. ब्रशने मीठ झाडलं,
पट्टीवर वॉर्निश मारलं, सुकेपर्यंत चहा मागवला.
वॉर्निशचे चाळीस रुपये घेतले,
चहाचे त्याने मला देऊ दिले नाहीत.
दोऱ्या आउटपुटवर तशाच राहिल्या होत्या.

यंत्र टेबलावर चालू होतं.
इनासने दोन बोटं स्वतःच्या मनगटावर ठेवली,
डोळे मिटले,
ओठ हलत होते त्याचे.
ठोका.
मग बराच वेळ.
ठोका.

"तीन," म्हणाला, डोळे उघडून.
"माझे तीन, तेचो एक. चलात."
सुतळी आवळताना हसला,
"डुकराक खंय मोजूक येता?"