पन्नास ग्रॅम

रामबागेत दोन चक्क्या, समोरासमोर.
मधे रस्ता, एक कोरडी पाणपोई
आणि एकवीस वर्षांचा अबोला.
तो यांनी धरला होता. हे गेल्यावर
चक्कीबरोबर मी तोही चालवायला घेतला.

मी चार रुपये किलो केलं की बद्रीलाल साडेतीन,
त्याचं साडेतीन झालं की मी तीन.
शेवटी जिंकलं पाकिटातलं पीठ,
पाच किलोवर एक किलो फुकट.
दुपारी तो त्याच्या ओट्यावर, मी माझ्या;
दोघं मिळून एकच गाय बघायचो.

नवरात्र तोंडावर आलं आणि त्याची मोटर जळली.
रात्री दहाला हातगाडी माझ्या दारात.
अकरा डबे: गहू, शिंगाडा,
आणि कुमठेकरकाकूंची भाजणी, जी
माझ्याकडून तिकडे गेल्याचं मला ठाऊकच नव्हतं.
"भाभी, गिराकों का है. मेरा नहीं."
इतक्या वर्षांत त्यानं मला
पहिल्यांदाच कशानं तरी हाक मारली.

मी पट्टा चढवला.
त्यानं पिठाची चिमूट घेतली, चोळली
आणि तोंड वाकडं केलं.
खरंच होतं. दगड गुळगुळीत झालेले,
टाकी लावणारं घरात कोणी उरलं नव्हतं,
पीठ पडायचं चटका बसेल असं.
"छिन्नी है?"
यांची होती. कोनाड्यात, फडक्यात बांधलेली.
दोन वाजेपर्यंत टक टक टक;
समोरच्या खिडकीतून त्याची बायको
दोनदा बघून गेली.
पहाटेचं पीठ कोमट, मोकळं.
मी उगीचच बराच वेळ हात घालून ठेवला.

मग ठरलं: मोटर माझी, हात त्याचा,
मिरचीचं कांडप त्याच्या ओट्यावर.
पाटीवर नाव कोणाचं आधी,
यावर आठ दिवस भांडलो.
पेंटरनं कंटाळून नुसतं 'चक्की' लिहिलं.

पहिल्या सकाळी त्यानं आपला काटा आणून
माझ्या काट्याशेजारी ठेवला.
डबा एकच. आधी इकडे, मग तिकडे.
पन्नास ग्रॅमचा फरक.
मी पंख्याकडे पाहिलं.
तो टोपी झटकू लागला.
काटा मारते, काटा मारतो, असं
अख्ख्या रामबागेला सांगून झालं होतं आमचं.

संध्याकाळी दोन्ही काटे भंगारात.
भंगारवाल्यानं आपला तराजू काढला,
तर आम्ही दोघं एकदमच म्हणालो,
रहने दे भिया,
अंदाज से दे दे.