उजवं होण्याआधी

कौनासमध्ये, टेकडीवरच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर
गेनोवायतेबाईंच्या घरी मी भाड्याने राहते.
फेब्रुवारीत त्या कचरा टाकायला उतरल्या
आणि घसरून उजवं मनगट मोडून परत आल्या.
राग बर्फाचा नाही, मनगटाचा:
"इतक्या वर्षांत यानं एकदाही दगा दिला नव्हता."

चाळीस वर्षं औषधाच्या दुकानात
याच हाताने बाटल्यांवर लिहिलं,
जेवणानंतर. दिवसातून दोनदा. हलवून घ्या.
एकही चूक नाही.
घरात खोडरबर नव्हतं कधी,
औषधाच्या चिठ्ठीवर खोडाखोड चालत नाही.

आता सूप सांडतं, बटण लागत नाही
आणि डावा हात टेबलाखाली, मांडीवर,
परक्या घरी आलेल्या पोरासारखा अंग चोरून.
मी म्हटलं, डाव्याने जेवा ना.
"तो नाही जेवत," त्या म्हणाल्या,
घरातल्या एखाद्या माणसाबद्दल सांगावं तसं.

मग एका रात्री, दुखण्याने झोप नव्हती तेव्हा, सांगितलं.
पहिलीचा वर्ग. तागाची फीत.
बाकाच्या पायाला बांधलेलं डावं मनगट.
फीत निळी होती, चांगली होती,
सणाला वेणीत घालावी अशी.
मे महिन्यात बाईंनी ती सोडली.
बांधायची गरज उरली नव्हती.

माझ्या भाषेत यासाठी क्रियापद तयार आहे: डावलणे.
मोडक्यातोडक्या लिथुएनियनमध्ये मी समजावलं,
आमच्याकडे बाजूला सारणं म्हणजे डावलणं
आणि सरस ठरणं म्हणजे उजवं ठरणं.
त्या थोडा वेळ प्लास्टरकडे बघत राहिल्या.
"म्हणजे फीत तुमच्याकडेही आहे."

मार्चमध्ये त्यांनी पेन्सिल डाव्या हातात दिली.
अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.
रोज तासभर त्या त्याला रागावत,
मलाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.
एका सकाळी आवाज आला नाही.
दार ढकलून पाहिलं तर
त्यांनी शिकवणं सोडलं होतं.
तुला काय येतं, असं विचारलं असावं बहुतेक.

त्याला विहीर येत होती.
विहिरीच्या कडेचं दुबेळकं सफरचंदाचं झाड.
मोतियेयुस लोहाराचं घर, पुढे दोन पायऱ्या, एक तुटकी.
त्या शाळेत गेल्या आणि पुढच्याच वर्षी
धरणाचं पाणी या सगळ्यावर चढलं.
उजव्या हाताला यातलं काहीच माहीत नव्हतं.
त्याला दिवसातून दोनदा माहीत होतं.

प्लास्टर निघालं. डॉक्टर खूश.
मला वाटलं, पेन्सिल आता निमूट परत जाईल.
गेली नाही. किंवा अर्धी गेली.
घरं डावा काढतो,
आत राहणाऱ्यांची नावं उजवा लिहितो,
बाटलीवर लिहायचा तशी, एकेक अक्षर सुटं.
भांडतातही. परवा चर्चचा मनोरा दोघांनी मिळून बिघडवला.
अकरा घरं झालीत. सव्वीस राहिलीत.
"तोवर मला वेळ नाही," त्या म्हणतात,
कशाला वेळ नाही ते सांगत नाहीत.

रविवारी आलितुसहून झिग्मांतास नावाचे आजोबा आले,
काठी टेकत तीन जिने चढून.
नकाशावर बोट ठेवून म्हणाले,
"आमचं फाटक पलीकडे उघडायचं."
मी श्वास रोखला.
गेनोवायतेबाईंनी नकाशा पाहिला, त्यांना पाहिलं,
डोळे मिटून ते फाटक बहुधा एकदा उघडूनही पाहिलं.
"हो," म्हणाल्या. "गाय अडकायची तिथं."
आणि माझ्याकडे वळून,
"खाली दुकानात जा. खोडरबर आण."

मनगटात आठ हाडं असतात.
उद्या परीक्षेत मला ती क्रमाने सांगायची आहेत.
पाठ आहेत, बारावीच्या निकालाआधीच
बाबांनी माझ्या नावामागे डॉक्टर लावलं तेव्हापासून
सगळंच पाठ आहे.

दुकानात मी दोन खोडरबरं घेतली.
दुसरं कशाला, ते अजून ठरलेलं नाही.