मजुरीचा तपशील

बेहडा अंगणवाडीवर कलला होता. ठराव क्रमांक नऊ.
फागू नैताम आला, कुऱ्हाड भिंतीला टेकवली
आणि विळ्यानं रायमुनिया कापत बसला.
मी ग्रामसेवक, घड्याळ पाहणारा माणूस. म्हटलं,
"फागूजी, झाड तिकडं आहे."
"पयले पयाची वाट, साहेब. मंग घाव."
बुडापासून मागं, तिरप्या दोन वाटा,
पार नहराच्या पाळीपर्यंत.
पायात येईल असा एक खुंटही ठेवला नाही.

मग कुऱ्हाडीच्या तुंब्यानं खोड ठोकत गेला,
कान लावून.
कंबरेपर्यंत टण. छातीपाशी ढब.
"पोकय झाड खोटं बोलते.
कलते इकडं, बसते तिकडं."

गजभिये लाइनमननं फ्यूज काढून खिशात घातला
आणि दुपारभर खिसा धरून उभा राहिला.
ताईंनी पोरं देवळामागं नेली. सतरा.
"अखीन मोजा," फागू म्हणाला.
सोळा.
सतरावी सापडली तांदळाच्या पोत्याआड, झोपलेली,
गालावर सुतळीची नक्षी.

त्यानंतर पहिला घाव.
पडायच्या बाजूला खाच, मागून करवत,
आणि मधे चार बोटं लाकूड राखलेलं.
"हे बिजागरी. हे तुटली का झाड आपलं नाई रायत."
आतून कुरकुर आली.
फागू आपल्या वाटेनं मागं सरकला,
न धावता, झाडावरची नजर न काढता.
बेहडा रिकाम्या बांधीत आडवा झाला.

बायका सरपणाला निघाल्या, तशी हाक आली:
"थांबा! वर उधारी हाये."
शेजारच्या मोहात एक फांदी अडकलेली,
मांडीएवढी. हलतही नव्हती.
"माह्या भाऊ झिंगर," तो म्हणाला,
"झाड पडल्यावर गेला."
पुढं काही बोलला नाही. दोर बांधला चारी बाजूंनी.

अंगणवाडी बंद. फागू पाळीवर बसून.
एकदा सरपंचबाईंच्या बकऱ्या हाकलल्या,
एकदा सरपंचबाईंना.
तिसऱ्या दिवशी, वारा नसताना, भर दुपारी
ती खाली आली. माती हातभर उडाली.
"फिटली," म्हणत तो उठला, धोतर झटकलं.

व्हाउचर भरताना तो सांगत गेला, मी लिहीत गेलो:
वाट करणे, अर्धा दिवस.
झाड पाडणे, अर्धा दिवस.
वाट पाहणे, दोन दिवस.

ऑडिटवाले विचारतील, हे कोणत्या हेडखाली.
अजून सापडलेलं नाही.
ओळ तशीच आहे, खोडलेली नाही.