गिरमिटाआधीची फेरी

मी इंजिनांचा माणूस.
पडेल तिठ्यावर शेड, शेडमध्ये दोन सिलिंडरची पाच धुडं,
नखांत ग्रीस, जे लग्नाच्या दिवशीही निघालं नव्हतं.
डाव्या कानाला कमी ऐकू येतं.
आवाजावरून दुखणं ओळखायचं, हा माझा धंदा;
गप्प असलेल्या वस्तूंशी माझं काम पडत नाही.

विजयदुर्गच्या बंदरात भिकाजी तारीचा मचवा.
नाव मथुरा, म्हणजे त्याची आई.
शिडावर चालणारा हा शेवटचाच, असं म्हणतात,
मी काही मोजायला गेलो नाही.
शिमग्यानंतर परमाण ओढताना म्हाताऱ्याचा खांदा निखळला
तेव्हा सुनेनं परस्पर फोन केला:
"इंजिन बसवा. आणि किती झाले ते मामंजींना सांगू नका."

गेलो. पिशवीत गिरमीट, ओळंबा, दोरी, खडू.
शाफ्टसाठी मागच्या उभ्या लाकडात भोक पाडायचं,
सरळ, आरपार. एका दिवसाचं काम.
म्हातारा नाळेवर बसून काथ्या वळत होता.
वर न बघता म्हणाला,
"पाड भोक. पण आधी एक फेरी मार माझ्यावांगडा.
मगे ही वेगळीच होतली."

पहाटे मतलई सुटली.
डोंगराकडून येणारा, चुलींच्या धुराचा वास असलेला वारा,
जो मला आजवर नुसती थंडी वाटायचा.
आम्ही परमाण चढवलं,
म्हणजे मी ओढलं आणि त्यानं शिव्या दिल्या.
शीड आधी ओल्या चादरीसारखं फडफडत राहिलं,
मग कुठेतरी त्याला वारा सापडला
आणि मथुरा कलली.
घाबरून मी हाताला आलं ते धरलं. ते सुकाणू होतं.
"धरलंस मा? आता सोडू नको."

कुणी काही पेटवलं नव्हतं,
पायाखाली थरथर नव्हती,
तरी किल्ल्याचा बुरूज मागे मागे सरकत होता.
सवयीनं मी बिघाड शोधत ऐकत राहिलो.
फळ्यांखाली पाणी,
सुपात तांदूळ घोळवावेत तसं.
डोलकाठीला परमाण घासायचं: दोन कुरकुरी, एक उसासा,
पुन्हा दोन कुरकुरी.
"तिथं ग्रीस लावू?" मी विचारलं.
म्हातारा इतका हसला की त्याला खोकला लागला.
"ता कुरकुराचा थांबला ना, काय मगे भियाचा."

सुकाणूच्या दांड्यात दर्या हाताला लागत होता,
दाव्याला वासरू ओढ घेतं तसा,
रागानं नव्हे, नुसतं कुठे जायचंय म्हणून.
मी चाळीस इंजिनं खोलली असतील,
हाताला असं कुणी काही विचारलं नव्हतं.

दुपारी समुद्राकडचा वारा धरून परत आलो.
पेज जेवलो, सोबत सुक्या बांगड्याचा तुकडा.
मग मी गिरमीट लावलं.
हो, लावलं. खांदा खांदाच असतो,
आणि सुनेनं आगाऊ पैसे दिले होते.
म्हातारा पाठ करून शीड शिवत बसला,
शिवायला त्यात काही नव्हतं.

आधी काळा, मुशीच्या तेलात मुरलेला भुगा आला,
मग तपकिरी,
आणि मग एकदम फिकट, कोरडी वेटोळी,
आज सकाळी झाड पाडल्यासारखी.
बेचाळीस वर्षं पाण्यात उभं असलेलं लाकूड
आणि गाभ्याला खारं पाणी ठाऊकच नव्हतं.
मी हाक मारली, "तारी, हे बघा."
तो आला. एक वेटोळं उचललं, हुंगलं,
कानाच्या मागे खोचलं, विडी खोचतात तसं,
आणि काही न बोलता परत गेला.

इंजिन चांगलं चालतं. मीच बसवलंय.
पण अधूनमधून त्याचा फोन येतो,
"काय तरी खटखटता, येवन बघ."
मी जातो. खटखट काही नसते.
बंदरातून बाहेर पडेपर्यंत तो इंजिनावर जातो, सून बघत असते;
बुरूज ओलांडला की किल्ली फिरवतो
आणि परमाणाची दोरी माझ्या हातात देतो.
"डिझेल वाचता," म्हणतो.