पोहोचल्याची वेळ

तिसऱ्या दिवशी पहाटे किंग्स्टन सोडलं
तेव्हा तळ्यावर धुकं होतं.
तळं म्हणायचं एवढंच; पलीकडचा काठ दिसत नाही.
दीडशे सायकली, ओटावाच्या दिशेनं,
आणि प्रत्येकाच्या मनगटावर
ड्युटीवर गेलेल्या एकाचं नाव कोरलेली पट्टी.
माझ्या पट्टीवर: ईरो सारेला.

मी पोलीस नव्हे.
माझी सगळी नोकरी खुर्चीत गेली.
कानाला हेडफोन, समोर नकाशा,
थंडर बेचा नियंत्रण कक्ष, रात्रपाळी.
बासष्टाव्या वर्षी सायकल घेतली तेव्हा मुलगा म्हणाला,
आई, तुला जिना चढवत नाही.
खरं आहे.
पण जिन्याला चाकं नसतात.

वारा समोरून. मक्याची शेतं वाळलेली, खडखडणारी.
पोटऱ्यांत गोळे, आणि जिथे बसते तिथलं तर
सांगण्यासारखं नाही.
एका गावात अग्निशामक दलाची माणसं रांगेत उभी,
पुढच्या वळणावर मोटारवाला हॉर्न बडवतोय:
ही जत्रा संपणार कधी?
दोघांनाही हात केला.

शेजारी ओकिमॉ नावाचा पोरगा, नोकरीला दोन वर्षं.
मी मागे पडले की पुढे येऊन
वारा स्वतःच्या अंगावर घ्यायचा, न सांगता.
चढावर त्यानं विचारलं,
कसा होता तो?

आणि मला सांगता येईना.
नऊ वर्षं त्याच्याशी रोज रात्री बोलले,
चेहरा पहिल्यांदा पाहिला
तो शवपेटीशेजारच्या फोटोत.
वाटलं, हा कोण? याला मिशा कशा?
माझ्या कानातला ईरो तर बिनमिशांचा.

मग म्हटलं, ऐक.
पहाटे तीनला, सगळं गाव मेल्यासारखं झोपलेलं असताना
तो शब्दकोडं सोडवायचा.
चार अक्षरी, पाण्यावर तरंगणारं?
मी म्हणायची, लाकूड.
तीनच झाली गं, म्हणायचा,
पण असू दे,
बसवू कसंतरी.

ओकिमॉ हसला. चढ संपला होता.

उरलेलं मी त्याला सांगितलं नाही.
फेब्रुवारी, उणे एकतीस.
महामार्गावर घसरलेली गाडी, आत एक बाई आणि तिचा कुत्रा.
निघालो, तो म्हणाला.
मी वेळ टाकली: दोन वाजून चार मिनिटं.
शेजारचा रकाना पोहोचल्याचा.

दोन अठराला मी हाक दिली.
दोन एकोणीसला.
मग वेळ बघायचं सोडून दिलं, नुसतं नाव घेत राहिले
आणि वायरलेसची खरखर ऐकत राहिले.
त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण कुठल्यातरी कपाटात आहे म्हणे.
असू दे तिथेच.

बाई वाचली. तिनं नंतर जबानीत सांगितलं,
तो आला होता.
गाडीचं दार ओढून उघडलं,
आधी कुत्र्याला बाहेर काढलं, त्याच्याशी काहीतरी बोलला,
मग तिला हात दिला,
आणि मग मागून मालमोटार.
म्हणजे पोहोचला होता.
फक्त मला सांगायचं राहिलं.

ओटावात ऊन होतं.
नावांची भिंत, बॅगपाइप, गणवेशातली माणसं
रडू नये म्हणून हनुवटी वर करून उभी.
ओकिमॉनं माझी सायकल धरली.
मी चालत गेले, वाकडी-तिकडी,
तीन दिवस सीटवर बसलेली म्हातारी जशी चालते तशी.
त्याचं नाव खालच्या ओळीत होतं.
गुडघे टेकताना कुरकुरले.
हातमोजा काढून बोट फिरवलं,
अक्षरं उन्हानं तापलेली.

घड्याळ पाहिलं. बारा चाळीस.
पोहोचलास, मी म्हणाले.

काही म्हणालात? मागून ओकिमॉ.
काही नाही रे. एक रकाना भरायचा होता.

अकरा वर्षांपूर्वीचा रकाना, आणि वेळ आजची.
चुकीचीच आहे, ईरो.
असू दे.
बसवू कसंतरी.